नजरेला बटण कुठलं?

अलेक्झांडर द्युमाची 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' ही कादंबरी 1844 ते 1846 या काळात क्रमशः छापली गेली. तिच्यात न्वार्तिए नावाचे एक म्हातारे गृहस्थ आहेत. पक्षाघातानं अंग लुळं पडलंय, वाचा गेलीय, शाबूत आहेत ते फक्त डोळे. डोळे मिटले की 'हो', भराभर उघडझाप केली की 'नाही', आणि वर आभाळाकडे पाहिलं की 'मला काहीतरी हवंय'. काय हवंय ते शोधायचं काम नातीचं, व्हॅलेंतीनचं. ती एकेक मुळाक्षर म्हणत जाते. आजोबा तिला आधी 'एन'ला आणि मग 'ओ'ला थांबवतात. मग ती शब्दकोश आणते आणि त्या पानांवरून बोट खाली सरकवत नेते. एका शब्दापाशी आजोबांचे डोळे खूण करतात: नोटरी. त्यांना मृत्युपत्र करायचं असतं.

आजच्या भाषेत हा पातळ्यापातळ्यांचा मेनू झाला. पहिल्या पातळीवर अक्षरं, दुसरीवर शब्द, आणि निवड करणारं एकमेव साधन म्हणजे डोळा. दीडशे वर्षांनी हीच पद्धत एका फ्रेंच माणसानं प्रत्यक्ष आयुष्यात वापरली. 'एल' मासिकाचे संपादक झाँ-दोमिनिक बोबी यांना डिसेंबर 1995 मध्ये मेंदूचा झटका आला आणि डाव्या पापणीखेरीज जवळजवळ काहीच हलेना. समोरचा माणूस अक्षरं म्हणायचा. हवं ते अक्षर आलं की बोबी पापणी मिटायचे. अक्षरांचा क्रम मात्र ए-बी-सी-डी असा नव्हता. फ्रेंचमध्ये जी अक्षरं सर्वांत जास्त लागतात ती आधी, म्हणजे ई, एस, ए, आर, आय, एन अशी. मेनूत नेहमी लागणारी गोष्ट सर्वांत वर ठेवावी हे तत्त्व तिथं रुग्णालयातल्या खाटेवर वापरात होतं, आणि त्यातून 1997 साली एक अख्खं पुस्तक बाहेर आलं.

व्हॅलेंतीन असो की बोबींसमोर बसून अक्षरं टिपून घेणारी व्यक्ती, दोघांपाशी एक गोष्ट होती जी यंत्रापाशी नसते. समोरचा नुसता बघतोय की सांगतोय, हे माणसाला कळतं. यंत्राला ते कळावं म्हणून केलेल्या खटपटीचा इतिहास म्हणजेच नजरेवर चालणाऱ्या मेनूचा इतिहास. कॅमेरे सुधारले, किमती उतरल्या, हे सगळं खरं. पण माझ्या मते नेमकेपणा आला तो मुख्यतः मेनूची मांडणी बदलल्यामुळे.

डोळा हलतो कसा, हे कळायलाच बराच काळ गेला. वाचताना नजर ओळीवरून सरळ घरंगळत जाते असा समज होता. 1879 च्या सुमारास पॅरिसमधले नेत्रतज्ज्ञ एमिल जाव्हाल आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिलं की नजर उड्या मारते: एक झटका, छोटा मुक्काम, पुन्हा झटका. (हेच जाव्हाल पुढे काचबिंदूनं आंधळे झाले आणि त्यांनी अंधांच्या जगण्यावर पुस्तक लिहिलं.) या उड्या मोजायच्या तर डोळ्याला काहीतरी जोडणं भाग होतं. अमेरिकेतल्या एडमंड ह्यूई यांनी प्लास्टरची बारीक वाटी बुबुळावर बसवली, बाहुलीपुरतं भोक ठेवलं आणि तिला अॅल्युमिनियमची हलकी काडी जोडून डोळ्याच्या हालचालीची रेघ उमटवली. वाचतानाच अंगावर काटा येतो. सुदैवानं 1901 मध्ये रेमंड डॉज आणि थॉमस क्लाइन यांनी डोळ्याला हात न लावता काम भागवलं. बुबुळावर पडलेल्या प्रकाशाचं जे प्रतिबिंब चमकतं, त्याचाच त्यांनी सरकत्या काचेवर फोटो घेतला. आजचे आय ट्रॅकर तत्त्वतः तेच करतात. डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकायचा, बाहुलीचा मध्य आणि बुबुळावरची चमक यांतलं अंतर कॅमेऱ्यानं मोजायचं आणि त्यावरून नजर कुठं आहे याचा हिशेब करायचा.

पुढची काही दशकं डोळा नुसता निरीक्षणाचा विषय राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉल फिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमान उतरवणाऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांचं चित्रीकरण केलं, ते कॉकपिटमधल्या तबकड्या कुठं आणि कशा असाव्यात हे ठरवण्यासाठी. मॉस्कोत आल्फ्रेड यार्बुस यांनी चित्रकार रेपिनचं एक प्रसिद्ध चित्र लोकांपुढे ठेवलं. चित्रातली माणसं किती वर्षांची असतील, असं विचारलं तर नजर चेहऱ्यांवर फिरे. त्यांची सांपत्तिक स्थिती विचारली तर सामानसुमानावर. म्हणजे नजर मनातल्या प्रश्नामागे जाते. यावरून कोणालाही वाटावं, की मग नजरेकडूनच संगणकाला हुकूम द्यावा. 1981 मध्ये एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी तसा एक नमुना मांडला. मोठ्या पडद्यावर एकाच वेळी अनेक चलच्चित्रं चालू, आणि प्रेक्षक जिकडे बघेल त्या चौकटीचा आवाज पुढे यायचा. प्रात्यक्षिक म्हणून झकास होतं. पण चित्र बघणं आणि यादीतून एक नेमकी ओळ निवडणं यांत फार अंतर आहे.

अडचण दोन प्रकारची होती. पहिली मापाची. आपल्याला अगदी स्पष्ट दिसतो तो दृष्टीच्या मध्यभागचा जेमतेम एक-दोन अंशांचा भाग. तेवढ्या भागात वस्तू आली की डोळ्याचं काम होतं; ती अगदी मधोमध आणण्याची त्याला गरज नसते. चांगल्या ट्रॅकरची चूकही अर्ध्या ते एका अंशाची असते. स्क्रीन साठ सेंटिमीटरवर असेल तर एक अंश म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. नेहमीच्या मेनूतली एक ओळ त्याच्या निम्म्या उंचीची असते. त्यामुळे 'सेव्ह' बघावं आणि वरची किंवा खालची ओळ उजळावी, हे ठरलेलं. भर म्हणजे माणूस खुर्चीत जरा सरकला की सकाळी केलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राची आपल्या डोळ्यांशी घातलेली जुळणी, दुपारी बिघडतं. कॅमेरा कितीही भारी आणला तरी डोळ्याचा स्वतःचा सैलपणा शिल्लक राहतोच. माउसचा बाण पिक्सेलवर टेकवता येतो, नजर टेकवता येत नाही.

या अडचणीवर व्हर्जिनिया विद्यापीठात थॉमस हचिन्सन आणि सहकाऱ्यांनी सरळ तोडगा काढला. त्यांची 'एरिका' नावाची प्रणाली 1989 मध्ये प्रसिद्ध झाली. स्क्रीनवर मोजकेच मोठे चौकोन. एक निवडला की त्याच्या पोटातले पुढचे चौकोन उघडायचे. अचूकता मिळाली ती पायऱ्या वाढवून. एक शब्द लिहायला किती वेळा खाली उतरायचं आणि वर यायचं, याचा विचार केला की या तोडग्याची किंमत कळते. पण ज्यांच्यासाठी तो होता त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता.

दुसरी अडचण जास्त खोल होती. तिला नाव दिलं रॉबर्ट जेकब यांनी. ते वॉशिंग्टनमधल्या अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करत. त्यांच्या पडद्यावर नकाशा असायचा, त्यावर जहाजं, आणि ज्या जहाजाकडे बघावं त्याची माहिती शेजारच्या चौकटीत. एवढ्यापुरतं सगळं सुरळीत चालायचं. चुकून दुसऱ्या जहाजाकडे नजर गेली तरी बिघडत काहीच नाही. पण हुकूम द्यायची वेळ आली की घोळ. हात लावेल त्याचं सोनं होणारा मिडास राजा आपल्याला लहानपणीच्या गोष्टींतून माहीत असतो. भुकेला असूनही त्याला घास खाता येत नाही. तसं इथं बघावं तिथं काहीतरी घडायचं. माणूस मेनू वाचायला बघतो आणि मेनू म्हणतो, घेतला हुकूम. 1990 च्या आपल्या निबंधात जेकब यांनी याला 'मिडासचा स्पर्श' म्हटलं, आणि या क्षेत्रात आजही तोच शब्द चालतो.

त्यांचा खाली उघडणारा मेनू तपशिलानं बघण्यासारखा आहे, कारण नंतरच्या वीस वर्षांतला सगळा वाद त्यात आधीच दिसतो. मेनूच्या मथळ्याकडे 400 मिलिसेकंद बघितलं की यादी उघडायची. यादीतल्या एखाद्या ओळीवर नजर 100 मिलिसेकंद टिकली की ती उजळायची, पण हुकूम सुटायचा नाही. तीच ओळ पूर्ण एक सेकंद बघत राहिलं तरच तो अमलात यायचा. यादीबाहेर 600 मिलिसेकंद बघितलं की यादी बंद. म्हणजे बघणं आणि निवडणं यांच्यात भिंत घातली होती ती काळाची. आणि ती भिंत घातल्यावर जेकब स्वतःच लिहितात, की एक सेकंद थांबण्यापेक्षा उजळलेल्या ओळीवर हातानं बटण दाबणं सोयीचं वाटलं. कारण अनोळखी ओळ वाचायला जेवढा वेळ लागतो त्याहून थांबण्याची मुदत जास्त ठेवावीच लागते, नाहीतर वाचता वाचताच हुकूम सुटतो. एक सेकंद कागदावर काहीच नाही. पण नजरेचा स्वाभाविक मुक्काम सेकंदाच्या पाव भागाचा असतो. चौपट वेळ एकाच ठिकाणी टक लावून बसायचं, तेही दर हुकमाला, म्हणजे डोळ्याला त्याच्या स्वभावाविरुद्ध राबवणं.

हात चालतात त्यांना बटण आहे. ज्यांचे चालत नाहीत त्यांना मुदतीशीच जमवून घ्यावं लागलं. नव्वदीनंतरच्या दशकांत एएलएससारख्या स्नायूंच्या दुबळेपणाच्या आजारांतल्या माणसांसाठी नजरेचे कीबोर्ड बाजारात आले ते बहुतेक याच तत्त्वावर. (स्टीफन हॉकिंग नजरेनं संगणक चालवत, असा अनेकांचा समज आहे. त्यांनी तसे प्रयोग करून पाहिले, पण गालाच्या स्नायूवर चालणारी कळच त्यांना कमी थकवणारी वाटली.) फिनलंडमधल्या ताम्पेरे विद्यापीठात पैव्ही मायारान्ता आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक साधा प्रश्न विचारला: ही मुदत कारखान्यात ठरवण्याऐवजी वापरणाऱ्यानंच ठरवली तर? दहा बैठकांत लोकांनी आपली मुदत सरासरी 876 मिलिसेकंदांवरून 282 वर आणली, आणि टायपिंगचा वेग मिनिटाला सुमारे 7 शब्दांवरून जवळजवळ 20 वर गेला. माणूस सरावतो, हे त्यातून सिद्ध झालं. पण कीबोर्ड पाठ होतो म्हणून हे जमतं. प्रत्येक अक्षर कुठं आहे हे माहीत असेल तर वाचायला थांबावं लागत नाही. मेनूत तसं नसतं. तिथं वाचणं हाच कामाचा भाग.

काळाच्या भिंतीऐवजी जागेची भिंत घालता येईल का, हा प्रश्न मग पुढे आला. उत्तराचा एक तुकडा नजरेशी काही संबंध नसलेल्या कामातून आला होता. 1988 मध्ये मेरीलँड विद्यापीठात कॅलहान, हॉपकिन्स, वायझर आणि श्नायडरमन यांनी माउससाठी गोल मेनू आणि उभी यादी यांची तुलना केली. बाण मध्यभागी, पर्याय भोवताली फाकांसारखे. आठ पर्यायांच्या मेनूत गोल मांडणी सुमारे 15 टक्के वेगवान ठरली. कारण उघड आहे: मध्यापासून सगळे पर्याय सारख्याच अंतरावर, आणि किती दूर जायचं यापेक्षा कुठल्या दिशेला जायचं हे महत्त्वाचं.

डोळ्याला ही मांडणी हातापेक्षाही जास्त मानवते. नजरेची उडी एकदा सुटली की मध्येच वळवता येत नाही, आणि ती बहुधा थोडी आखूड पडते किंवा लांबते. दिशा मात्र तुलनेनं बरोबर असते. यादीत आखूड पडलेली उडी वरच्या ओळीवर जाऊन बसते. गोलात ती त्याच फाकेत आत किंवा बाहेर पडते. शिवाय फाक बाहेरच्या बाजूला रुंदावत जाते, म्हणजे चुकीला जागा मिळते.

मार्च 2008 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना इथं नजरेच्या संशोधकांची परिषद भरली. तिथं दोन जर्मन गटांनी एकमेकांना पूरक असं काम मांडलं. कामरर, शायटर आणि बाइनहाउअर यांनी नजरेसाठी उभी यादी, पूर्ण गोल आणि अर्धगोल अशा मांडण्या लोकांकडून वापरून घेतल्या. उभी यादी मागे पडली आणि अर्धगोल सरस ठरला. वायमारच्या बाउहाउस विद्यापीठातल्या आन्के हुकाउफ आणि मारियो उर्बिना यांचं काम मला जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यांनी मिडासच्या अडचणीवरच बोट ठेवलं. त्यांच्या गोल मेनूत प्रत्येक फाकेचं नाव आत लिहिलेलं असतं, पण हुकूम सुटतो तो फाकेच्या बाहेरच्या कडेवर. आतली नावं हवी तितकी वाचा, टक लावून बघा, मागेपुढे करा. काही होणार नाही. ठरलं की नजर कडेपलीकडे टाका. वाचायची जागा वेगळी, निवडायची जागा वेगळी. घड्याळ मध्ये कुठंच नाही.

यात आणखी एक फायदा दडलेला आहे. निवड झाली की पुढचा गोल उघडतो, पुन्हा कड ओलांडायची. सराव झालेल्या माणसाला नावं वाचायचीही गरज राहत नाही. 'वर, मग डावीकडे' एवढी वाट डोळ्यांच्या लक्षात राहते. 2010 मध्ये उर्बिना, लोरेन्झ आणि हुकाउफ यांनी या गोलांची मर्यादाही मोजली. एका गोलात सहा फाका ठेवल्या तर पातळ्यांमागून पातळ्या उतरूनही निवड जलद आणि अचूक राहते. नवख्यांना मुदतीची पद्धत आणि कडेची पद्धत दोन्ही सारख्याच जमल्या, सरावलेल्यांचा हात मात्र कडेच्या पद्धतीत वर राहिला. डोळ्यावर चालणाऱ्या मेनूबद्दल इतकं वापरायला सोपं उत्तर त्याआधी क्वचितच मिळालं होतं.

अर्थात कुरबुरी उरल्याच. नजर कड ओलांडून जरा जास्तच पुढे गेली तर पुढचा गोल तिच्या मागे उघडायचा आणि डोळ्याला परत फिरावं लागायचं. 2021 मध्ये 'स्टिकीपाय' नावाच्या रचनेत संशोधकांनी उडी चालू असतानाच ती कुठं उतरेल याचा अंदाज बांधून पुढचा गोल तिथंच मांडायला सुरुवात केली. त्याआधी इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या गटानं वेगळीच वाट धरली होती. पडद्यावरचे पर्याय हळूहळू फिरत ठेवायचे, आणि डोळा ज्याच्या मागोमाग सरकतोय तो निवडायचा. स्थिर वस्तूकडे बघताना डोळा तसा संथ सरकत नाही, म्हणून चुकून निवड होण्याची भीती कमी, आणि कॅलिब्रेशनही लागत नाही. केंब्रिजमधले पदार्थविज्ञानवाले डेव्हिड मॅके आणि डेव्हिड वॉर्ड यांनी तर मेनूच मोडीत काढला. त्यांच्या 'डॅशर'मध्ये अक्षरं उजवीकडून वाहत येतात, ज्यांची शक्यता जास्त ती मोठी दिसतात, आणि आपण नुसतं त्यांच्याकडे बघत पुढे जायचं. 2002 मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी मिनिटाला 25 शब्दांपर्यंतचा वेग नोंदवला. बोबींचा अक्षरक्रम आणि हा प्रवाह यांमागचं गणित एकच.

हे सगळं पेललं कोणाला? बराच काळ ट्रॅकरची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती. म्हणून 2009 मधला लॉस एंजेलिसचा प्रसंग नोंदवायला हवा. टोनी क्वान ऊर्फ 'टेम्प्ट' हा भिंतींवर अक्षरं रंगवणारा कलाकार एएलएसमुळे खाटेला खिळला होता. काही कलाकार-प्रोग्रॅमरांनी स्वस्त चष्म्याच्या फ्रेमला प्लेस्टेशनचा कॅमेरा जोडून 'आयरायटर' बनवला. सामानाचा खर्च पन्नास डॉलरच्या आसपास. टेम्प्टनं रुग्णालयातून नजरेनं काढलेली अक्षरं शहरातल्या इमारतीवर प्रकाशात उमटली. 2017 मध्ये विंडोजमध्येच नजरेवर चालणारी सोय आली. तिच्या मागे एएलएस झालेले अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू स्टीव्ह ग्लीसन यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टमध्ये तीन वर्षं आधी झालेलं काम होतं. आणि 2024 मध्ये ॲपलचा व्हिजन प्रो आला. त्यात पर्याय बघून उजळतो, पण निवडायचा तो दोन बोटांची चिमूट करून. जेकबनी 1990 मध्ये लिहिलेलं बटणच ते. धडधाकट ग्राहकासाठी महागडं यंत्र बनवणाऱ्यांनी मुदत आणि कड दोन्ही टाळून हाताला बोलावलं, यावरून वायमारच्या गटानं घेतलेल्या कष्टांची गरज नेमकी कोणाला होती ते कळतं.

आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रदीप्त बिस्वास यांच्या प्रयोगशाळेनं नजरेवर चालणाऱ्या रचना एकीकडे लढाऊ विमानाच्या कॉकपिटसाठी आणि दुसरीकडे चेन्नईच्या 'विद्या सागर' संस्थेतल्या, बोलणं आणि हातपाय हलवणं कठीण असलेल्या मुलांसाठी केल्या आहेत. उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर विद्यापीठात 2016 मध्ये नजरेवर चालणारा हिंदी कीबोर्ड तयार झाला. पन्नासेक मुळाक्षरं आणि वर मात्रा एकदम पडद्यावर मांडल्या तर चौकोन फार बारीक होतात, म्हणून त्यातही अक्षरापर्यंत पायरीपायरीनं जावं लागतं. मुंबईच्या आयआयटीत अनिरुद्ध जोशी यांच्या गटानं केलेला 'स्वरचक्र' हा फोनवरचा कीबोर्ड अनेक मराठी वाचकांनी वापरला असेल. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चाक उघडतं. तो बोटासाठी आहे, नजरेसाठी नाही. पण गोल मेनू आपल्या लिपीला किती सहज बसतो ते त्यात दिसतं.

सहा फाकांच्या मर्यादेत मराठी बसवून पाहावी. क, च, ट, त, प हे पाच वर्ग म्हणजे पाच फाका, आणि सहावी उरलेल्यांसाठी. वर्गाच्या आतही पाचच अक्षरं. सहावी फाक मागे परतायला. इथवर आपल्या वर्णमालेनं घातलेली घडी वायमारच्या मोजमापाशी जुळते. अडतं ते त्या सहाव्या फाकेत. य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ ही नऊ अक्षरं तिच्यात मावत नाहीत, आणि त्यांतली र, ल, स, ळ तर मराठीत पावलोपावली लागतात. ती वर्गांच्या खाली आणखी एक पातळी उतरून मिळाली तर लिहिणाऱ्याचे डोळे दिवसभरात उगाच हजारो उड्या मारतील. मात्रांची बारा घरंही सहाच्या दुप्पट आहेत, आणि जोडाक्षरांचा हिशेब तर अजून केलाच नाही.